कपलर अडकला म्हणून बकेट आपटू नका

पोकलेनवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘क्विक कपलरचं लॉक सुटत नसेल तर बकेट दगडावर चार वेळा आपटा. नाही सुटलं तर पिन गॅसने लाल करा. तरी अडलं तर होज ढिली करून तेल सोडा. आणि सेफ्टी पिनचं टेन्शन घेऊ नका, हायड्रॉलिकच धरून ठेवतं.’ (क्विक कपलर म्हणजे बकेट झटपट बदलता यावी म्हणून पोकलेनच्या दांड्याच्या टोकाला बसवलेला जोड, आणि सेफ्टी पिन म्हणजे त्याचं लॉक चुकून सुटू नये म्हणून घालायचा अडसर.) मी फिटर आहे. हे सगळं करून झालेली मशीनं शेवटी माझ्याच गळ्यात पडतात.

आधी आपटण्याचं बघू. कपलरमधला सिलिंडर बकेटच्या पिनवर हुक दाबून धरतो. हुक सुटायचा तर त्याच्यावरचा भार आधी निघाला पाहिजे. आपटलं की तो उलट जास्त रुततो, कधी वाकतोही. म्हणून बकेट जमिनीलगत ठेवून पूर्ण आत, केबिनकडे वळवायची, लिव्हर तशीच धरायची आणि मग अनलॉकचा स्विच दाबायचा. बऱ्याच कपलरांना सुटायला लागणारं प्रेशर मुळात असंच मिळतं. जवळपास माणूस नको, आणि बकेट सोडायची ती जमिनीवर टेकवूनच.

एवढं करूनही हललं नाही तर बहुतेकदा दोष लोखंडाचा नसतो. वाघोलीकडच्या एका साइटवर तासभर आपटाआपटी झाल्यावर मला बोलावलं. बकेट जमिनीवर टेकवली, इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली आणि बॅटरी मारून पाहिलं. हुकामागे ओला मुरूम ठासून बसलेला, आणि त्यात लिंबाएवढा खडा. पाण्याचा पाइप, एक सळई, वीस मिनिटं, काम झालं. दुसऱ्या एका मशीनवर तर नुसता फ्यूज उडाला होता. तिथे कितीही आपटा!

गॅसचा सल्ला तर उफराटाच. तापलेली पिन फुगते. ८० मिलिमीटरची पिन २०० अंशांनी तापवली तर तिचा व्यास जवळजवळ ०.२ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे ती आणखी घट्ट बसते. लाल केली तर तिच्यावरचा कडकपणा जातो आणि पुढे ती भराभर झिजते. शेजारी सिलिंडरचे सील, होज आणि तेल आहे, हे वेगळं सांगायला नको.

होज ढिली करणाऱ्याला मात्र हात जोडून सांगतो, तो उद्योग करू नका. होज फुटली तरी लॉक सुटू नये म्हणून सिलिंडरवर चेक व्हॉल्व्ह, म्हणजे तेल उलटं जाऊ न देणारी झडप, असतो. त्यामुळे होज काढूनही आतलं प्रेशर तसंच राहतं. मग माणूस चिडून व्हॉल्व्हलाच पाना लावतो. वीस टनी मशीनचं प्रेशर साडेतीनशे बारच्या घरात जातं. त्या प्रेशरची तेलाची बारीक धार कातडीत शिरते, जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसते आणि ऑपरेशनला उशीर झाला तर बोट, हात जाऊ शकतो.

राहिली सेफ्टी पिन. पूर्ण ऑटोमॅटिक कपलरला ती हाताने घालावी लागत नाही, तेवढ्यापुरतं मेसेज खरा. पण सेमी-ऑटोमॅटिकला ती लागतेच. ब्रिटनमध्ये ती न घातल्यामुळे बकेट सुटून खाली माणसं मेली आहेत. वीस टनी मशीनची रिकामी बकेटसुद्धा पाऊण टनाच्या आसपास भरते. नवी बकेट लावली की ती जमिनीवर दाबून रेटून बघा, मग इंजिन बंद करून खाली उतरा आणि पिन डोळ्यांनी बघा. हेल्परला ‘बसली का रे?’ विचारून भागत नाही. तो ‘हो’च म्हणतो.