आईच्या मांडीवरचे पाच मोबाइल

हैदराबादहून परत आलो त्याला चार दिवस झाले. नाताळच्या सुट्टीत पोरांना तिथलं मोठं अम्युझमेंट पार्क दाखवायचं हे वर्षभरापासून ठरलेलं होतं. फोटो टाकले, तुम्ही सगळ्यांनी छान छान लिहिलं. काल रात्री ते सगळे फोटो पुन्हा पाहिले. एकशेचाळीस फोटोंमध्ये आई अकरा ठिकाणी आहे आणि त्यातले नऊ रस्त्यावरचे. पार्कातले फक्त दोन. मी हे काल मोजलं. त्या दिवशी मोजायला हवं होतं.

पार्कचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार पार्कबद्दल नाही. आमच्याबद्दल आहे, आणि मला वाटतं तुमच्यापैकी बऱ्याच जणांबद्दलही असेल.

सकाळी पाचला नागपूरच्या मानेवाड्याहून निघालो. गाडीत सहा जण. मी, बायको, १२ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा, बहिणीचा कॉलेजात जाणारा मुलगा आणि आई. आईचं वय ६८. बीपीची गोळी चालू आहे, उजवा गुडघा दुखतो, बाकी तब्येत ठणठणीत. डिकीत तिचे डबे: सांबारवडी, तिखटमिठाच्या पुऱ्या, ठेचा, कणकेचे लाडू. चार वाजता उठून तळलेली सांबारवडी बुटीबोरीपर्यंत अर्धी संपली होती.

नागपूर-हैदराबाद म्हणजे साधारण पाचशे किलोमीटर, पूर्ण रस्ता ४४ नंबरच्या हायवेनं. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा हाच तो रस्ता. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ७ नंबरच आहे. मला वाटलं होतं, आई झोपेल. पण जाम या गावात चहा झाला आणि तिची कळी खुलली. हिंगणघाट जवळ आलं तशी ती सीटवर पुढे सरकून बसली. लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं तिनं हिंगणघाटात काढलीत, बाबा तिथे मिलमध्ये होते. वणा नदीचा पूल आला तेव्हा ती पोरांना सांगू लागली की मिलचा भोंगा झाला की गावभर लोक घड्याळ लावत, अन् ती भोंग्यावर कुकर चढवत असे. मी त्या घरात जन्मलो आणि मला हे माहीत नव्हतं.

पुढे वडनेरनंतर वर्धा नदी लागते, ती ओलांडली की यवतमाळ जिल्हा. दोन्ही बाजूंनी पांढराशुभ्र कापूस, मध्ये तुरीच्या ओळी. वेचणाऱ्या बाया पाठीला ओटी बांधून वाकलेल्या. आई गाडीतून बघून सांगत होती, हा दुसरा वेचा आहे, इथली बोंडं काळी पडलीत म्हणजे पाऊस उशिरा लागला असेल. माझा भाचा इंजिनियरिंगला आहे, त्यानं कानातले इयरफोन काढून ठेवले आणि ऐकत बसला. पांढरकवड्याजवळ केळापूरच्या जगदंबेला तिनं चालत्या गाडीतूनच हात जोडले. पैनगंगा ओलांडली, पाट्या तेलुगूत झाल्या, तरी आदिलाबादला टपरीवाला मराठीत बोलला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला.

निर्मल शहराच्या आधी कुठेतरी मुलीनं मोबाइलवर वाचून दाखवलं की पहिलं फेरिस व्हील १८९३ साली शिकागोला उभं राहिलं, ८० मीटर उंच, ३६ डबे. आई म्हणाली, "आमच्या मंडईत चार डब्यांचा राहे." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भंडारा-गोंदियाकडे भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, रात्रभर दंडार म्हणजे लोकनाट्य चालते, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. आईचं माहेर पवनीकडचं. "लाकडाचे चार डबे. दोघं जण लोंबकळून फिरवत. वर गेलं का पोटात खड्डा पडे. मी तीनदा बसली होती, मंग मामानं ओढून उतरवलं." हे सांगताना ती इतकी हसत होती की मुलानं विचारलं, आजी, तू उद्या बसशील का? ती म्हणाली, "काहून नाही? बसीन न."

हे वाक्य मी ऐकलं होतं. गाडी मी चालवत होतो, माझ्या मागेच ती बसली होती. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

निर्मल सोडलं की सोन गावाजवळ गोदावरी लागते. वरच्या अंगाला पोचमपाडचं धरण, त्याच्याही वर बासरची सरस्वती. आई म्हणाली, "थांब न रे जरा. नांदेडवरून आलेली गंगा आहे, पाहू तर दे." मी म्हटलं, आई, उशीर होतो, हॉटेलचं चेक-इन आहे, परतताना थांबू. ती बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्क. गेटवर सहा तिकिटं घेतली. आत शिरताच पोरं पळाली. पहिल्या मोठ्या राइडच्या रांगेत उभे राहिलो तेव्हा कळलं, मोबाइल, गॉगल, पिशवी, सैल चप्पल, काहीच वर नेता येत नाही. बरोबरच आहे, उलटं फिरताना वरून मोबाइल सुटला तर खाली कोणाचं तरी डोकं फुटेल. लॉकरची पाटी समोर होती. मी पाटी पाहिली आणि आईकडे वळून म्हटलं, "तू बसतेस न इथे? हे सांभाळ." ती म्हणाली, "हाव, बसतो मी इथंच. तुम्ही या जाऊन."

लॉकरचे पैसे वाचवायला मी आईला बाकावर बसवलं. याहून वेगळ्या शब्दात मला ते सांगता येत नाही.

एका राइडच्या तीन झाल्या, मग आम्ही पाण्याकडे गेलो. तिथे साडी चालत नाही. तो नियमही योग्य आहे. सुती कापडाचे धागे पाण्यात सुटून फिल्टरमध्ये अडकतात, आणि साडीचा किंवा ओढणीचा घोळ स्लाइडवर अडकला तर जिवावर बेतेल. म्हणून सगळ्यांना नायलॉनचे कपडे. पण हा नियम मला नागपुरात असतानाच माहीत होता. बुकिंग करताना वाचला होता. पोरांचे, बायकोचे, माझे कपडे इतवारीतून आणले. आईला मी विचारलंसुद्धा नाही की तुला चालेल का, आणू का. कदाचित ती नको म्हणाली असती. म्हणू द्यायला हवं होतं.

साडेतीनला मुलगी पाणी प्यायला म्हणून आजीकडे गेली आणि धावत परत आली. म्हणाली, "बाबा, आजीनं सकाळपासून पाणी नाही प्यायलं."

मी गेलो. आई बाकाच्या टोकावर बसली होती. मांडीवर पदराच्या झोळीत पाच मोबाइल, एक तिचा आणि चार आमचे. दोन्ही बाजूंना पिशव्या, पिशव्यांचे बंद मनगटाला गुंडाळलेले. पायाखाली आमच्या चपला, त्यांच्यावर तिनं आपले पाय ठेवलेले, कोणी नेऊ नये म्हणून. ऊन सरकत येऊन तिच्या अर्ध्या तोंडावर पडलं होतं, पण एवढं सामान घेऊन सावलीच्या बाकावर जाणं तिला जमलं नव्हतं. फोन वाजला की ती तो हातात उंच धरून गर्दीकडे बघायची, आमच्यापैकी कोणी दिसतं का म्हणून. माझ्या ऑफिसातून सात कॉल येऊन गेले होते. सातही वेळा तिनं हात वर केला होता.

पाण्याची बाटली भरलेलीच होती. मी विचारलं, का नाही प्यायलीस? ती म्हणाली, "पाणी पेलं का जा लागते न. अन् हे सामान कोणाच्या भरवशावर सोडू?"

सव्वाअकरा ते साडेतीन. सव्वाचार तास. बीपीची गोळी घेणारी बाई.

तिच्या शेजारी तसेच अजून चौघं होते. एक करीमनगरच्या आजी, एक सोलापूरचे आजोबा, दोघं कुठले ते कळलं नाही. सगळ्यांच्या मांडीवर ढीग. आईला सगळ्यांच्या नातवंडांची नावं पाठ झाली होती, एकमेकांची भाषा येत नसताना. नंतर मी पार्कभर पाहत फिरलो, प्रत्येक राइडच्या खाली हीच रांग. तिकीट काढून आत आणलेली, पिशव्या सांभाळणारी माणसं.

आता मला जे म्हणायचं आहे ते सरळ म्हणतो. आपण म्हाताऱ्या माणसांना फिरायला 'नेतो' याचा आपल्याला फार अभिमान आहे. घरी एकटं ठेवलं नाही, पैसे खर्च केले, सोबत घेतलं. पण गेटच्या आत त्यांच्या दिवसाचं काय होणार याचा विचार आपण एक मिनिटही करत नाही. पोरांची उंची आपण घरी भिंतीला उभं करून मोजतो, कुठल्या राइडला बसता येईल म्हणून. आईच्या गुडघ्याला, तिच्या बीपीला काय चालेल, याची एक ओळ मी शोधली नव्हती.

लोक म्हणतात, त्यांनाच बसून राहायला आवडतं. बायकोच्या माहेरी हेच ऐकलं, ऑफिसात हेच ऐकलं. मी हे मानत नाही. हातात आधी पिशवी देऊन मग विचारलं तर कुठली आई म्हणेल की मला राइडवर बसायचंय? तिनं आयुष्यभर हेच केलंय. लग्नात दागिन्यांची पेटी घेऊन खोलीत कोण बसलं, गणपती पाहायला सगळे गेले तेव्हा घरी कोण थांबलं? तिचं 'बसतो मी इथंच' म्हणजे आवड नाही. ती सवय आहे, आणि लावली आपणच.

हेही खरं की सगळ्या राइड तिच्यासाठी नाहीत. हृदय, बीपी, पाठीचा कणा, गरोदरपण यांची पाटी प्रत्येक मोठ्या राइडपाशी असते आणि ती गंभीरपणे घ्यावी. वरून एकदम खाली पडताना मानेला, कण्याला जो हिसका बसतो तो पोरं सहन करतात, ६८ वर्षांची हाडं करतीलच असं नाही. म्हणून हट्टानं ओढून नेऊ नका. पण प्रत्येक पार्कात हळू चालणाऱ्या चारदोन गोष्टी असतातच. त्या आपण 'बच्चा राइड' म्हणून ओलांडून जातो.

साडेतीननंतर काय केलं ते सांगतो. आधी आईला बाथरूमला नेलं, बायको सोबत गेली. मग लॉकर घेतला आणि सगळं त्यात टाकलं, तिची स्वतःची पर्ससुद्धा. रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला पाच मिनिटं कळेना, सारखी पदराला हात लावून बघायची. मग मुलानं तिला मोठ्या पाळण्याकडे ओढलं. मी ऑपरेटरला बीपीचं सांगितलं, तो म्हणाला हा हळू आहे, चालेल. भाचा आणि मी खाली उभे राहिलो. वर गेल्यावर तिनं काय पाहिलं ते मला माहीत नाही. लांबवर तिकडचे ते मोठमोठे गोल खडक दिसत असतील. खाली आली तेव्हा पदर खोचलेला, केस विस्कटलेले, आणि मला म्हणाली, "पोटात खड्डा नाही पडला रे. हे तं बैलगाडीवानी आहे." परत बसायचं का विचारलं तर रांगेत आमच्या आधी जाऊन उभी राहिली. पार्कातले दोन्ही फोटो तेव्हाचे आहेत.

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. लॉकरचे पैसे तिकिटाच्या पैशांतच धरा. मोठ्या राइडला नवरा-बायको दोघंही एकदम जाऊ नका. एकानं थांबायचं, मग दुसऱ्यानं. दुपारचं जेवण झालं की एक तास त्यांच्या पसंतीचा ठेवा, मग पोरांनी कितीही ओढाताण केली तरी. आणि पाण्याचे कपडे आणायला जाल तेव्हा आईलाही दुकानात सोबत न्या.

परतताना सोनला थांबलो. हायवेवरच्या पुलावर गाडी उभी करू नका, ते फार धोक्याचं आहे. नदीकडे उतरणारा रस्ता आहे, तिकडून खाली गेलो. पाणी बरंच आत सरकलेलं होतं, दगडांवरून तिला हात धरून नेलं. तिनं ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं आणि मग पाय पाण्यात सोडून बसली. पोरं दगड फेकत होती. तिनं चप्पल आणि पर्स माझ्या हातात दिली, आणि मी ती धरून मागे उभा राहिलो. नागपूर अजून जवळपास तीनशे किलोमीटर होतं, अंधार पडायच्या आत पांढरकवडा गाठायचा होता. मी घड्याळ पाहिलं नाही. बऱ्याच वेळानं तिनंच मागे वळून विचारलं, "माही चप्पल कुठं आहे रे?"