‘फक्त वाचतोय ना, मग धोका कसला?’

एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः सॉफ्टवेअर वापरून करणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधला मालाचा साठा दाखवावा का, असा विषय निघाला की एक सल्ला हमखास फिरतो: “फक्त वाचायची परवानगी द्या. तो काही बदलू शकत नाही, म्हणजे धोका शून्य. आणि आकडे थेट पुस्तकातून येतात, म्हणजे उत्तर बरोबरच.” सुरुवात वाचण्यापासूनच करावी, हे मलाही मान्य आहे. पण ‘शून्य’ आणि ‘बरोबरच’ या दोन शब्दांच्या भरवशावर लोक परवानग्या देऊन मोकळे होतात, त्याची काळजी वाटते.

“तो काही बदलू शकत नाही.” त्याला अडवतंय कोण, ते आधी बघा. सूचनेत ‘काही बदलू नकोस’ एवढंच लिहिलं असेल तर ती विनंती झाली, कुलूप नव्हे. टॅलीप्राइम हे अकाउंटिंग सॉफ्टवेअर बाहेरच्या प्रोग्रॅमशी एक्सएमएल या ठराविक रचनेच्या मजकुरातून बोलतं, सहसा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या एका दारावर. स्टॉक समरी (साठ्याचा गोषवारा) मागणारी विनंती त्याच दारातून येते आणि नवं व्हाउचर (व्यवहाराची नोंद) घालणारीही. तिथे ‘फक्त वाचन’ हे एजंटला टॅलीशी जोडणाऱ्या मधल्या प्रोग्रॅमने, म्हणजे कनेक्टरने, पाळायचं पथ्य असतं.

पोस्टग्रेस डेटाबेससाठी अँथ्रोपिक या एआय कंपनीने नमुना म्हणून दिलेल्या एमसीपी सर्व्हरचं, म्हणजे एजंटला डेटाबेसशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमचं, काय झालं, तेही आठवा. तो प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) ‘रीड ओन्ली’ ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे फक्त वाचू देणाऱ्या चौकटीत, चालवायचा. २०२५ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं की क्वेरीच्या आधी ‘कमिट’ (ट्रान्झॅक्शन पूर्ण करायची आज्ञा) लिहिलं की ते ट्रान्झॅक्शन तिथेच संपतं आणि पुढची खोडाखोड बिनदिक्कत होते. डेटाबेसच्या युजरलाच लिहायचा हक्क नसता, तर ही पळवाट उरली नसती.

“धोका शून्य.” आयटम मास्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक मालाच्या मूळ नोंदीत, नगांचा आकडा एकटा नसतो. शेवटचा खरेदी दर, पुरवठादाराचं नाव, विक्रीचा दर हे सगळं शेजारीच असतं. म्हणजे ते पाहणाऱ्याला तुमचा नफा वजाबाकी करून काढता येतो.

ही माहिती बाहेर जायला लिहिण्याची परवानगी लागत नाही. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट या ऑफिसकामाच्या एआय मदतनीसातली ‘एकोलीक’ नावाची त्रुटी उघड झाली. बाहेरून आलेल्या ईमेलमध्ये दडवलेल्या सूचना कोपायलट वाचायचा, आणि आतली माहिती चित्राच्या लिंकमध्ये भरून बाहेर जाऊ शकायची. वापरणाऱ्याला कशावर क्लिकसुद्धा करावं लागत नव्हतं. ती त्रुटी बुजवली गेली. पण आयटमचं वर्णन, व्हाउचरचं नॅरेशन (नोंदीखालचा शेरा), पुरवठादाराच्या बिलावरून जसाच्या तसा उचललेला मजकूर हे सगळं एजंट वाचतोच, आणि त्यातला काही भाग तुम्ही लिहिलेला नसतो.

“आकडे पुस्तकातून, म्हणून उत्तर बरोबर.” माझ्या मते खरं नुकसान इथे होतं, आणि यावर कोणी बोलत नाही.

समजा, एका आयटमसमोर १२० शिल्लक दिसते. एजंट म्हणतो, “१२० आहेत, ऑर्डर घ्या.” पण हे १२० नग की १२० डझन? त्यातले ४० आधीच्या विक्री ऑर्डरमध्ये अडकलेत का? ३० नग खराब मालाच्या गोदामात पडलेत का? साठा सांभाळणारा माणूस हे न विचारता ताडतो, कारण रॅक त्याच्या डोळ्यासमोर असतो. एजंटसमोर फक्त एक रकाना असतो.

उणे साठा त्याहून फसवा. माल आला, विकलाही गेला, पण खरेदीचं बिल अजून चढलेलं नाही, तेव्हा पुस्तक उणे १५ दाखवतं. एजंट एका गोदामाचे १२० आणि दुसऱ्याचे उणे १५ मिळवून १०५ सांगतो. बेरीज चोख, पण उणे १५ नग कुठल्याच रॅकवर नसतात.

आणि पानं! कित्येक एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय) यादी एकेक पान करून, तुकड्यातुकड्याने देतात. ६४० आयटम असतील आणि एजंटने पहिले १०० वाचून “सहाच आयटम संपत आलेत” असं सांगितलं, तर त्या वाक्यात संशय यावा असं काहीच नसतं. एजंटने पुस्तकातली एकही नोंद बदलली नाही. चुकीची खरेदी माणसाने केली, त्याच्या उत्तरावर विसंबून.

“वाचल्याने सिस्टीमवर भार पडत नाही,” असंही सांगतात. पडतो. तारखेची मर्यादा न घालता सगळे व्हाउचर मागवून बघा, बिलं करणारे लगेच ओरडतील.

म्हणून परवानगी देताना एजंटसाठी वेगळा युजर काढा आणि लिहिण्याचा हक्क तिथेच काढून घ्या. त्याला आयटम, एकक, गोदामवार शिल्लक आणि प्रलंबित ऑर्डर एवढंच दाखवा. दर आणि पार्टीची नावं नकोत. शक्य असेल तर चालू पुस्तकाऐवजी रात्री काढलेली प्रत द्या. बाहेरची कागदपत्रं वाचणारा किंवा इंटरनेटवर जाणारा एजंट हाच असू नये. आणि “६४० पैकी ६४० आयटम तपासले, प्रत काल रात्री ११ची” अशी ओळ उत्तरासोबत येत नसेल, तर त्यावरून खरेदीची ऑर्डर काढू नका.