समुद्र नसलेल्या गावातला दशावतार

बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळींनी येत्या मे महिन्यात तीन दिवसांचा कोकण महोत्सव भरवायचे ठरवल्यापासून तिथे जो वाद पेटला आहे, त्याची झळ इथे फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर बसून मलाही लागते आहे. एका ज्येष्ठ आणि व्यासंगी गृहस्थांनी विरोधाचे सविस्तर पत्र लिहून ते सर्वांना पाठवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दशावतार ही देवळाच्या आवारातली, जत्रेच्या रात्रीची कला आहे आणि ती उचलून रावपुऱ्यातल्या एखाद्या सभागृहात आणली की तिचे निव्वळ प्रदर्शन होते, बडोद्याची मराठी घराणी गायकवाडांच्या लष्कराबरोबर आणि दप्तराबरोबर मुख्यतः घाटावरून आली, तेव्हा कोकणावर हक्क सांगण्याचे आपल्याला काही कारण नाही, आणि मुलांना धड मराठी वाचता येत नसताना अशा सोहळ्यांवर पैसा घालणे ही चैन आहे. पत्राची भाषा अत्यंत सुसंस्कृत आहे, आणि बहुधा त्यामुळेच ते वाचून झालेला संताप अजून शमलेला नाही.

मी लोरियाँमध्ये राहते. 1666 साली पूर्वेकडच्या, म्हणजे बऱ्याच अंशी आपल्याकडच्याच, व्यापारासाठी वसवलेले हे बंदर 1943 च्या बॉम्बफेकीत जवळजवळ भुईसपाट झाले आणि आज डोळ्यांना दिसते ते बहुतेक सगळे त्यानंतरचे काँक्रीट आहे. ज्याला पत्रलेखक आवार म्हणतील असे या शहरात फारसे काही उरलेले नाही. तरीही 1971 पासून इथे दर ऑगस्टमध्ये दहा दिवस केल्टिक प्रदेशांचा, म्हणजे आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, ब्रिटनी अशा जुन्या केल्टिक भाषांच्या प्रदेशांचा, महोत्सव भरतो, त्याला लाखो माणसे येतात, आणि पहिल्या रविवारच्या मिरवणुकीत सुमारे तीन हजार वादक आणि नर्तक रस्त्यावरून जातात. मासळीबंदरावरच्या कोत्रियादपासून, म्हणजे मासळीच्या रश्श्याच्या सामुदायिक पंगतीपासून, मुस्त्वारच्या स्टेडियममधल्या बागादांच्या स्पर्धेपर्यंत सगळे माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडते, आणि त्या दिवसांत मीही इतर हजाराहून अधिक स्वयंसेवकांप्रमाणे गळ्यात बॅज अडकवून दारावर उभी असते. नगरपालिका आणि प्रांतिक परिषद या उत्सवाला पैसे देतात हे खरे आहे, पण नगरपालिका दारावर उभी राहत नाही, माणसे राहतात.

बागाद म्हणजे इथले वाद्यपथक. पाइप (पिशवीत हवा भरून वाजवायचा बॅगपाइप), ढोल आणि बॉम्बार्द ही त्याची मुख्य वाद्ये आहेत. बॉम्बार्द हे आपल्या सनईच्या कुळातले, दुहेरी पत्तीचे, आखूड आणि कर्कश म्हणावे इतके खडे वाद्य आहे. त्याला दम इतका लागतो की जोडीने वाजवताना बॉम्बार्दवाला एक ओळ वाजवून ओठांवरून वाद्य खाली घेतो, तीच ओळ पाइपवाला एकटा पुन्हा वाजवतो आणि तेवढ्यात पहिल्याचा श्वास भरतो. मिरवणुकीत तीसचाळीस वादकांचे बागाद जवळून गेले की छातीत हादरे बसतात. हे सगळे पाहणाऱ्याला वाटते की ही परंपरा शतकानुशतके अशीच चालत आली असावी. प्रत्यक्षात बागाद जन्माला आले ते 1940 च्या दशकाच्या अखेरीस, आपल्या स्वातंत्र्याच्या आगेमागे. पोलिग मोंजारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधल्या पाइप-बँडचा नमुना समोर ठेवला, त्यांचा मोठा पाइप उचलला, त्यात आपली बॉम्बार्द घातली आणि एक नवी गोष्ट उभी केली. पहिल्या बागादांपैकी एक रेल्वे कामगारांचे होते. इथला फेस्त-नोज, म्हणजे रात्रभर हातात हात गुंफून चालणारा नाच, युनेस्कोने 2012 साली आपल्या वारसायादीत घेतला. पण ज्या रूपात तो आज सभागृहांतून होतो ते रूप लोइझ रोपार्स यांनी 1950 च्या दशकात घडवले. त्याआधी तो शेतातल्या कामांच्या शेवटी, खळ्यावर होत असे. खळी गेली, तेव्हा त्यांनी गायकांना मंचावर चढवले. आमच्या पत्रलेखकांचा निकष त्या वेळी कोणी लावला असता तर गेल्या पंचाहत्तर वर्षांचे ब्रिटनीचे संगीत जन्मालाच आले नसते.

दशावताराला तरी हा निकष कुठे लागू पडतो? तो कर्नाटकातून कोकणात आला असे मानणारा एक मोठा पक्ष अभ्यासकांमध्ये आहे. म्हणजे ज्या देवळाच्या आवाराची पत्रलेखकांना एवढी काळजी आहे, तिथेही तो कधीतरी पाहुणा म्हणूनच आला असण्याची शक्यता आहे. पुढे कोकणातला माणूस पोटासाठी मुंबईला गेला आणि गिरगाव-लालबागच्या चाळींत त्याने आपली भजने, आपला शक्ती-तुरा नेला. आजही शक्ती-तुऱ्याचे सामने मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावून होतात आणि त्यांना कोणी प्रदर्शन म्हणत नाही. चाकरमान्याने नेले तर ती परंपरा आणि बडोदेकराने बोलावले तर तो दिखावा, हा न्याय मला समजत नाही.

हक्काचा मुद्दा मला सर्वांत जास्त बोचतो, म्हणून त्याच्याकडे पुन्हा वळते. लोरियाँच्या महोत्सवात गॅलिसिया आणि आस्तुरियास हे स्पेनमधले दोन प्रदेश मानाने येतात. त्यांच्या भाषा केल्टिक नाहीत, लॅटिनपासून निघालेल्या आहेत. भाषेच्या पंडितांनी दार लावायचे ठरवले असते तर ते सहज लावता आले असते. दार उघडे राहिले, आणि त्यांचे गायता हा आपला पाइप वाजवणारे वादक आज या महोत्सवाचा कणा आहेत. दरवर्षी एका प्रदेशाला मुख्य पाहुण्याचा मान दिला जातो. तो 2012 साली कॅनडाकडच्या अकादीला आणि 2016 साली चक्क ऑस्ट्रेलियाला मिळाला. पिढ्यान्पिढ्या समुद्रापार राहिलेल्या माणसांना बोलावून पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत बसवणारे हे लोक आहेत. केल्टिक वीणेला, म्हणजे हार्पला, या काळात जगभर नेणारे आलां स्तिवेल हे जन्मले ब्रिटनीबाहेर आणि वाढले पॅरिसमध्ये. ज्या वीणेवर ते शिकले ती त्यांच्या वडिलांनी पॅरिसमध्येच स्वतःच्या हातांनी घडवली, आणि 1972 च्या त्यांच्या ज्या मैफलीनंतर इथल्या तरुणांना आपल्या आजोबांचे सूर ऐकावेसे वाटू लागले, ती मैफलसुद्धा पॅरिसचीच होती. ब्रिटनीचे संगीत ब्रिटनीत परत आले ते बाहेरच्यांच्या हातून.

बडोद्याच्या वाचकाला नांत शहराची गोष्टही सांगितली पाहिजे. ब्रिटनीच्या ड्यूकांचा किल्ला नांतमध्ये आहे, पण 1941 साली एका सरकारी आदेशाने नांतचा जिल्हा ब्रिटनीपासून तोडला गेला आणि पुढे प्रांतांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हाही बाहेरच राहिला. नांतची माणसे आजही मोर्चे काढतात आणि घरावर ब्रिटनीचा काळापांढरा झेंडा लावतात. मी त्यांच्यापैकी कोणाशी बोलते तेव्हा मला 1 मे 1960 आठवतो, जो पुण्या-मुंबईच्या माणसाच्या लेखी केवळ आनंदाचा दिवस आहे आणि आमच्या लेखी एक रेषा आहे, जिच्या दुसऱ्या बाजूला आम्ही राहिलो. ती रेषा आखली गेल्यावरही 2018 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात झाले, त्याआधीही या शहरात संमेलने झाली होती, आणि तेव्हा कोणी विचारले नाही की साहित्याशी तुमचा काय संबंध. घाटावरच्या आणि कोकणातल्या भेदाची आठवण नेमकी नाचगाण्याच्या वेळीच का व्हावी?

आता भाषेचा मुद्दा. तो पत्रातला सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. गेल्या शतकाच्या मध्याला दहा लाखांच्या घरात असलेले ब्रेटन, म्हणजे ब्रिटनीची स्वतःची केल्टिक भाषा, बोलणारे लोक ताज्या पाहणीत एक लाखाच्या आसपास उरले आहेत. म्हणजे महोत्सवाची गर्दी वाढत गेली त्याच काळात भाषा आटत गेली, असे पत्रलेखक म्हणू शकतात, आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत. पण ती आटली कशाने? शाळेत ब्रेटन बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा जुनी खडाव अडकवत, आणि दुसरा कोणी बोलताना सापडेपर्यंत ती तशीच राहत असे. ज्यांनी तो अपमान सोसला त्यांनी आपल्या मुलांशी ती भाषा बोलणेच थांबवले. संगीताने भाषा मारली नाही. संगीताने ती लाज धुतली. ब्रेटन माध्यमाच्या दिवान शाळा 1977 साली, संगीताच्या त्या लाटेनंतर सुरू झाल्या, आणि माझ्या ओळखीच्या ज्या आईबापांनी मुलांना तिथे घातले त्यांच्यापैकी बहुतेकांची सुरुवात व्याकरणाने झालेली नाही, फेस्त-नोजने झालेली आहे. आधी पाय शिकतात, मग तोंड उघडते. वाचन आधी आणि उत्सव नंतर हा पत्रलेखकांचा क्रम शिस्तीचा आहे, पण मूल त्या क्रमाने भाषेकडे येत नाही.

लाजेची ही गोष्ट मला पुस्तकातून कळलेली नाही. माझी आजी वेंगुर्ल्याची होती. लग्न होऊन बडोद्याला आली ती नोकरदार, सुशिक्षित, घाटावरच्या वळणाच्या घरात. मे महिन्यात तिची बहीण माहेरच्या आंब्यांची पेटी घेऊन यायची तेव्हा त्या दोघी स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत मालवणीत बोलायच्या, भरभर, हसत, मधूनच एखादी सणसणीत शिवी देत. बाहेरच्या खोलीत आजोबांचे स्नेही आले की आजीचा आवाज खाली यायचा आणि पाण्याचे तांब्याभांडे घेऊन ती बाहेर जायची तेव्हा तिच्या तोंडी संपूर्ण वेगळी, स्वच्छ, पुस्तकी मराठी असायची. तिला कोणी रागावले होते असे नाही. तिच्या गळ्यात कोणी खडाव अडकवली नव्हती. तरी ती भाषा उंबऱ्याच्या आतच राहिली, माझ्या आईपर्यंत अर्धी आली आणि माझ्यापर्यंत काही हाका आणि काही शिव्या एवढीच पोचली. तेव्हा बडोद्याचे मराठी लोक घाटावरून आले असे जेव्हा ते पत्र म्हणते, तेव्हा ते माझ्या आजीला दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात पाठवते.

दशावतारात हे दोन्ही आवाज एकाच मंचावर असतात, आणि म्हणून तोच बडोद्यात यावा असे मला वाटते. रात्रीच्या आरंभी आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, काळ्या वेशातला संकासुर येतो, तो मालवणीत बोलतो, समोर बसलेल्यांची टोपी उडवतो, गावातल्या कोणालाही सोडत नाही. मग आख्यान सुरू होते आणि राजे, ऋषी, देव त्या भारदस्त ग्रंथी मराठीत बोलू लागतात. हातात लिखित संहिता नसते; कथानक ठरलेले असते, पण वाक्ये नट मंचावर उभ्या उभ्या रचतात, आणि पेटी-मृदंग-झांज त्यांच्या मागोमाग चालतात. ज्या शहरातली मराठी मुले इंग्रजीत शिकतात, गुजरातीत खेळतात आणि मराठी फक्त घरात ऐकतात, त्यांनी भाषा अशी तात्काळ घडताना पाहणे कोणत्याही वाचनवर्गाइतकेच मोलाचे आहे.

आणि बडोद्याने बाहेरची कला आणू नये असे बडोद्यातच कोणी म्हणावे याचे मला नवल वाटते. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी तंजावरच्या होत्या, आणि 1880 च्या त्या विवाहानंतर त्यांच्याबरोबर तिथल्या नर्तकी आणि वादक बडोद्याला आले. कावेरीकाठचे नृत्य विश्वामित्रीच्या काठी रुजले आणि आज आमच्या विद्यापीठात भरतनाट्यम शिकवले जाते. उत्तरेतून आलेल्या मौलाबक्षांनी 1886 साली इथे गायनशाळा सुरू केली, आणि त्यांचा नातू इनायत खान तेच संगीत घेऊन युरोपात, पॅरिसजवळच्या स्युरेनपर्यंत पोचला. आम्ही स्वतः नवरात्रात नऊ रात्री गरब्याच्या रिंगणात फिरत मोठे झालो. कोणत्याही गुजराती शेजाऱ्याने आमचे मूळ गाव विचारून आम्हाला रिंगणाबाहेर काढले नाही.

माझा मुलगा इथल्या लहान मुलांच्या बागादात बॉम्बार्द वाजवतो. तो दहापर्यंत ब्रेटनमध्ये मोजतो, आणि मिरवणुकीत तो समोरून जातो तेव्हा शेजारच्या बायका मला बाजूला सरकवून पुढे उभे करतात, कारण त्यांच्या लेखी मी आता इथली आहे. त्या क्षणी मला अभिमान वाटतोच. पण त्याच्याबरोबर मत्सरही वाटतो, आणि तो वर्षागणिक कमी होण्याऐवजी वाढतो आहे. या परक्या किनाऱ्याने माझ्या मुलाला विनाअट आपले म्हटले, आणि माझ्या आजीच्या किनाऱ्याची एक रात्र त्याला दाखवायची म्हटले तर माझ्याच गावात मला हक्काचा पुरावा मागितला जातो.

महोत्सव व्हावा, आणि तो नीट व्हावा. वातानुकूलित सभागृह नको. मे महिन्यात बडोद्याचे दिवस भाजून काढतात, पण रात्र उघड्या मैदानात सुसह्य असते आणि वैशाखापर्यंत दशावताराचे खेळ चालूच असतात. सिंधुदुर्गातल्या मंडळाला दीड तासाचा कार्यक्रम न सांगता पूर्ण रात्र द्यावी आणि मानधन आधी ठरवून वेळेवर द्यावे. पिंगुळीच्या ठाकर कलाकारांना चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या घेऊन बोलवावे आणि सकाळी मुलांना त्यांच्याजवळ बसू द्यावे. त्यांच्यातल्याच परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा प्रतिष्ठेची ज्यांना चिंता आहे त्यांचीही त्यात सोय होईल. पत्रलेखकांनी आख्यानाआधी दहा मिनिटे बोलावे अशी माझी मनापासून सूचना आहे, कारण दशावताराबद्दल त्यांच्याइतके जाणणारा माणूस आमच्यात दुसरा नाही. माझ्या वाटणीची वर्गणी मी पाठवली आहे आणि तिच्यासोबत एवढेच कळवले आहे की वेळ कमी पडला तर भाषणे कापावीत, संकासुराचा प्रवेश कापू नये.