माकडांच्या हाती राजपुत्र

चित्रपटावर बेतलेला व्हिडिओ गेम ज्याला तो चित्रपट मनापासून आवडला आहे त्यालाच विकला जातो, आणि त्याचा सर्वाधिक जाचही त्यालाच होतो. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही तो थोडा वेळ खेळून कंटाळतो आणि जेवायला उठतो. ज्याला ‘द लायन किंग’मधल्या सिंबा या सिंहाच्या छाव्याची कथा जन्मापासून राज्याभिषेकापर्यंत पाठ आहे तो मात्र, पुढे काय होणार हे माहीत असूनही आपल्याला पुढे जाऊ दिले जात नाही, या अपमानाने पेटून ताट गार होईपर्यंत बसून राहतो. मी या दुसऱ्या जातीचा आहे. ‘द लायन किंग’ हा चित्रपट जून १९९४ मध्ये अमेरिकेत झळकला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वेस्टवूड स्टुडिओजने घडवलेला त्याचा गेम सुपर निन्टेन्डो आणि सेगा ही टीव्हीला जोडायची खेळयंत्रे आणि डॉसवर चालणारे संगणक या सर्वांवर अवतरला. आमच्याकडे तो कोणाच्या तरी मामांच्या ऑफिसातून फ्लॉप्यांमध्ये बसून आला, आणि मामांचे ऑफिसातले काम ज्या चिकाटीने चालत असेल त्याहून कितीतरी अधिक चिकाटीने आम्ही त्याच्या मागे लागलो.

गुणांविषयी आधी बोललेले बरे, कारण दोषांकडे वळलो की मला आवरणे घरच्यांनाही जमत नाही. या गेममधला सिंबा चित्रपटातल्या सिंबासारखाच दिसतो, आणि त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. त्याची चित्रे काढण्यात डिस्नेच्या चित्रकारांचा हात होता, त्यामुळे हा छावा धावताना, कड्यावर नखांनी लोंबकळताना किंवा तोल जाऊन पंजे हवेत मारताना इतका गोड दिसतो की आपण त्याला खाली पाडले याचे दुःख दुप्पट होते. त्याहून मोठी करामत गर्जनेची आहे. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत राहते आणि ती पूर्ण भरल्याशिवाय सिंबाला धड गुरगुरता येत नाही. भरल्यावरसुद्धा छाव्याच्या गळ्यातून जे बाहेर पडते त्याला गर्जना म्हणण्यासाठी वडिलांचे काळीज लागते. पुढे तो आयाळ फुटून मोठा झाला की नुसत्या उड्या मारण्याऐवजी नखांनी ओरबाडू लागतो, आणि गर्जनाही घशातून न येता छातीतून येते. वयात येण्याचा संपूर्ण प्रवास एका बटणात बसवणे ही कल्पना ज्याची असेल त्याला माझा नमस्कार आहे. पहिल्या लेव्हलमध्ये साळिंदरावर उडी मारली तर काटे टोचतात, पण आधी गुरगुरले तर ते उताणे पडते आणि मग त्याच्या पोटावर उडी मारता येते, हे शोधून काढल्यावर आम्हाला जो आनंद झाला होता तो पुढे बीजगणितात कधीही झाला नाही.

आणि मग दुसरी लेव्हल येते.

चित्रपटात हे एक गाणे आहे, जेमतेम तीन मिनिटांचे, ज्यात छोटा सिंबा आणि त्याची मैत्रीण नाला हे झाझू नावाच्या धनेशाच्या पहाऱ्यातून निसटतात. रंगीबेरंगी जनावरे नाचतात, आपण टाळ्या वाजवतो, गाणे संपते. गेममध्ये या गाण्याचे रूपांतर अशा दिव्यात झाले आहे की ते पार करणाऱ्याला राजपुत्रच नव्हे, थेट राजा करावे. जिराफांच्या डोक्यांवरून जायचे, पाणघोड्यांच्या शेपट्यांना लोंबकळायचे, शहामृगावर बसून खाली गेंडा आला की उडी, वर फांदी आली की वाकणे, आणि दोन्ही लागोपाठ आले की परमेश्वराचे स्मरण करायचे, आणि या सर्वांतून वाचून जो पुढे जातो त्याला माकडांच्या स्वाधीन केले जाते. एक माकड सिंबाला पकडून दुसऱ्याकडे फेकते, दुसरे तिसऱ्याकडे, आणि पंगतीत वाढप्यांच्या हातून हाती जाणाऱ्या पातेल्यासारखा हा भावी वनराज झाडाझाडांवरून फिरत अखेर होता तिथेच परत येतो किंवा पाण्यात पडतो. यावर उपाय असा की ठराविक माकडांवर आधी गुरगुरायचे, म्हणजे ती तोंड फिरवतात आणि फेकण्याची दिशा बदलते. हे गेममध्ये कुणीही सांगत नाही. चित्रपटात तर हा प्रसंग नाहीच, त्यामुळे चित्रपट तोंडपाठ असल्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

लहानपणी आमची समजूत अशी होती की हे सर्व आमच्या बोटांच्या नालायकीमुळे होते, कारण घरातल्या मोठ्यांचेही मत साधारण तेच होते. खरे कारण पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले. अमेरिकेत त्या काळी गेमची कार्ट्रिजे व्हिडिओ कॅसेटींप्रमाणेच भाड्याने मिळत, आणि पोराने शुक्रवारी आणलेला गेम रविवारी संपवला तर तो विकत घेण्याचे कारणच उरत नसे. म्हणून गेम जवळजवळ तयार झाल्यावर सुरुवातीच्या भागातच तो अवघड करण्यात आला, असे वेस्टवूडचे एक संस्थापक लुई कॅसल यांनी पुढे सांगितले आहे. हे वाचून माझा संताप शमण्याऐवजी वाढला. आमच्या गावात गेम भाड्याने देणारे एकही दुकान नव्हते, भाड्याने मिळत ती लग्नाची भांडी, आणि तरीही दूर अमेरिकेतल्या दुकानदारांचे गणित बिघडू नये म्हणून त्या माकडांनी आमच्या उन्हाळी सुट्ट्या गिळल्या.

या आडमुठेपणातून एकदा बाहेर पडले की गेमला स्वतःचा विनोद जमतो, हेही मान्य केले पाहिजे. ‘हकुना मटाटा’ म्हणजे चिंता सोडा असे सांगणाऱ्या गाण्याच्या नावाची लेव्हल आहे, आणि तिच्यात धबधब्यावरून कोसळणाऱ्या ओंडक्यांवर उड्या मारत वर चढावे लागते. वर पोहोचल्यावर चित्रपटाशी काहीही संबंध नसलेला एक गोरिला नारळ फेकून मारतो. कथा सांगण्याच्या बाबतीत मात्र गेम कच्चा आहे. सिंबाचा काका स्कार याने सख्ख्या भावाचा, म्हणजे सिंबाच्या वडिलांचा, घात कसा केला, सिंबा पळून का गेला, हे त्यातून नीट समजतच नाही. ज्याला आधीच ठाऊक आहे त्याच्या आठवणीवर सगळा भार टाकून गेम मोकळा होतो. शेवटी स्कारला कितीही ओरबाडले तरी तो मरत नाही, त्याला कड्यावरून फेकावेच लागते, आणि हेसुद्धा चित्रपट पाहणाऱ्यालाच सुचते. एवढ्या एका ठिकाणी आमच्या पाठांतराचे चीज झाले.

चित्रपटांवरचे गेम टाकाऊ असतात असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि त्याचा पुरावा म्हणून १९८२ चा अटारी कंपनीचा ‘ई.टी.’ दाखवला जातो, जो सुमारे पाच आठवड्यांत उरकला गेला आणि ज्याची न खपलेली कार्ट्रिजे न्यू मेक्सिकोतल्या कचऱ्याच्या खड्ड्यात पुरली गेली, त्यांतली काही २०१४ मध्ये उकरून काढण्यात आली. परंतु टाकाऊ गेमचा एक मोठा उपकार असतो, तो टाकता येतो. ‘द लायन किंग’ चांगला असल्यामुळे टाकता येत नाही, आणि माणूस अडकतो.

२०१९ मध्ये हा गेम ‘अल्लादिन’सह नव्या संचात पुन्हा आला, आणि त्यात चुकले की खेळ मागे नेण्याची सोय दिली गेली. पुतण्याने या सोयीचा निर्लज्जपणे वापर करून, माकडांना हवे तितक्या वेळा मागे-पुढे नाचवून, चहा उकळण्याच्या आत दुसरी लेव्हल संपवली आणि संध्याकाळपर्यंत स्कारला कड्याखाली लोटले. त्यानंतर तो म्हणाला, “काका, एवढाच आहे हा?” म्हणजे दुकानदारांची भीती अगदी खरी होती. मी त्याला मागे नेण्याचे बटण न दाबता खेळायला लावले. शहामृगावरून तो इतक्या वेळा पडला की स्वयंपाकघरातून वहिनींनी “भाऊजी, काय चाललंय काय तिकडे?” असे विचारले, आणि मग माकडांनी त्याला पुन्हा जिथल्या तिथे आणून सोडले तेव्हा लालबुंद होऊन तो माझ्याकडे वळला.

“काका, ज्यांनी हा बनवला त्यांनी स्वतः एकदा तरी खेळून बघितला होता का?”

“बघितला होता ना,” मी म्हणालो, “म्हणूनच तर अवघड केला.”