सात सिग्मा मिळाले, तरी थांबायचं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमचा आक्षेप असा: हिग्ज बोसॉन हा मूलकण २०१२ मध्ये ५ सिग्मावर मान्य झाला (सिग्मा म्हणजे योगायोगाने पडणाऱ्या फरकाचं माप; सिग्मा जितके जास्त, तितकी निव्वळ योगायोगाची शक्यता कमी), मग दीर्घिकांच्या मांडणीत डाव्या-उजव्याचा फरक ७.१ सिग्माने दिसूनही मी "घाई नको" का म्हणतो? हा दुजाभाव आहे, आणि निसर्ग डाव्या-उजव्यात भेद करतो हे दाखवणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ वू बाईंच्या कोबाल्टच्या प्रयोगावेळी माझ्यासारखेच लोक आडवे आले असते, असंही तुम्ही लिहिलंत.

आक्षेप रास्त आहे, कारण ७.१ हा आकडा कसा निघतो ते मी मूळ लेखात सांगितलंच नव्हतं. ती उणीव इथे भरून काढतो.

आधी तुमचा छोटा प्रश्न: हा फरक शोधताना एका वेळी चारच दीर्घिका का घेतात? कागदाचा त्रिकोण कापून टेबलावर पालथा करा, झाली त्याची आरशातली प्रतिमा. म्हणून तीन बिंदूंना डावं-उजवं नसतं. आता उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट तीन दिशांना ताठ धरा. तिन्ही टोकं आणि तळव्याचा एक बिंदू मिळून चतुष्फलक होतो. डाव्या हाताचा तसाच चतुष्फलक कितीही फिरवा, यावर बसत नाही. दीर्घिकांचा नकाशा बनवणाऱ्या 'बॉस' सर्वेक्षणातल्या लाखो दीर्घिकांमधून असे चौकडे घेऊन उजवे जास्त की डावे, हे तपासलं गेलं. गुरुत्वाकर्षण डावं-उजवं ओळखत नाही. त्यामुळे फरक खरा असेल तर त्याचं मूळ विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या क्षणांत असण्याची शक्यता मोठी. मला या विषयाची ओढ आहे ती यामुळेच.

आता सिग्मा. वू यांना चुंबकीय क्षेत्र उलटं करता आलं आणि इलेक्ट्रॉनचा कल उलटलेला पाहता आला. आपल्याकडे विश्व एकच. निव्वळ योगायोगाने किती फरक पडेल, हे संगणकावर घडवलेल्या कृत्रिम विश्वांवरून ठरवावं लागतं, आणि ती विश्वं खऱ्याची हुबेहूब नक्कल नसतात.

हे किती महागात पडतं बघा. समजा, एकमेकांपासून स्वतंत्र अशी १०,००० मापं आहेत. प्रत्येकाचा वर्ग त्याच्या अपेक्षित विचरणाने (योगायोगाने होणाऱ्या चढउताराच्या वर्गाच्या सरासरीने) भागून बेरीज केली, तर ती १०,०००च्या आसपास यावी, साधारण १४१ इकडेतिकडे (हा झाला एक सिग्मा). पण खरं विचरण आपल्या अंदाजापेक्षा १० टक्के जास्त असेल, तर बेरीज ११,००० होते. म्हणजे ७ सिग्मा! विश्व पूर्ण सममित असूनही. (आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, प्रत्यक्षातला हिशोब यापेक्षा गुंतागुंतीचा आहे.)

त्याच 'बॉस' सर्वेक्षणावर खगोलशास्त्रज्ञ फिलकॉक्स यांनी २०२२ मध्ये वेगळ्या पद्धतीने केलेल्या विश्लेषणात २.९ सिग्माच आले. नंतर आणखी एका गटाने आकाशाचे तुकडे पाडून त्यांची आपसात तुलना केली. फरक खरा असता तर सगळ्या तुकड्यांत त्याचा कल एकसारखा दिसला असता. तो दिसला नाही. कृत्रिम विश्वांमधला आकड्यांचा चढउतार मात्र खऱ्या माहितीतल्या चढउताराशी जुळत नव्हता.

'डेसी' या नव्या सर्वेक्षणाच्या कितीतरी मोठ्या नकाशात, आकाशाच्या दोन वेगळ्या भागांत, एकाच आकाराचे चौकडे एकाच हाताकडे झुकलेले दिसले, तर मी सिग्मा विचारणारही नाही. त्याच रात्री लेख लिहायला बसेन.