खुलासा : रात्री दोनच्या भूकंपाचा मेसेज खोटा आहे

"नागपूरच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी सांगितलं, आज रात्री दोनला भूकंप, घराबाहेर झोपा," असा मेसेज कालपासून आपल्या गावच्या ग्रुपवर फिरतोय. तो खोटा आहे. भूकंपाचा दिवस-वेळ जगात कोणालाच आधी सांगता येत नाही. काल शेजारच्या आजी नातवाला घेऊन खळ्यात झोपल्या, तेही या साप-विंचवाच्या दिवसांत!

भूगर्भशास्त्रज्ञ जमीन तपासतात. नदीकाठची खोल, मऊ माती खडकापेक्षा जास्त हादरते. असे भाग नकाशावर आले की निवारा कुठे उभारायचा, हे प्रशासनाला आधीच ठरवता येतं. भूकंपानंतर भेगा, खचलेली जमीन तेच पाहतात.

१९९३ ला किल्लारीत पहाटे माणसं गेली ती दगडमातीच्या जड भिंतींखाली. आपल्याकडेही तशी जुनी घरं आहेत, त्यांच्या भिंती तपासून घ्या. तो मेसेज मात्र पुढे पाठवू नका.