पाच हजार रुपये देताना घ्यावयाची खबरदारी

समजा, उद्या तुम्हाला कुणी विचारलं की मेळघाटातल्या गरोदर बाईच्या खात्यात खाण्यापिण्यासाठी थेट पैसे टाकावेत का, तर चटकन ‘हो’ म्हणून बसू नका. ‘हो’ म्हणणाऱ्याला पुढे आकडा सांगावा लागतो, तारीख सांगावी लागते. ‘तत्त्वतः मान्य’ म्हणा. त्यावर अख्खी पंचवार्षिक निघते.

मग चेहरा जरा चिंतातुर करून पहिली शंका काढा: ‘पैसे दिले आणि नवऱ्याने दारूत उडवले तर?’ ही शंका बिनतोड आहे, कारण ती काढायला मेळघाटात जावं लागत नाही. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी देशोदेशीचे अभ्यास गोळा करून तपासले, तर हातात असे पैसे आल्यावर गरिबांचा दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं काही दिसेना. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. तुमच्या सोसायटीतल्या कुणाचा तरी ड्रायव्हर पितो, एवढा पुरावा पुष्कळ झाला.

इथे एखादा आगाऊ माणूस २०१७ सालची आठवण काढेल. त्या वर्षी कायदा दुरुस्त होऊन नोकरदार बायकांची बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. त्या पगाराचं काय केलंत, हे एकीलाही कुणी विचारलं नाही, विचारूही नये. त्याच वर्षी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आली. शेतात निंदणाऱ्या, डोक्यावर विटा वाहणाऱ्या बाईची मजुरी बुडते म्हणून तिला पाच हजार रुपये. हप्त्याने, अटी घालून. बाळंतपण दोन्हीकडे सारखंच, मग एकीला पगार आणि दुसरीला फॉर्म का, असं त्या माणसाने विचारलं की ‘तो विषय वेगळा’ म्हणून चहा मागवा.

रक्कम ठरवताना हात आखडता घ्या, पण कायद्याला धक्का लावू नका. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. वगळल्या आहेत त्या फक्त सरकारी नोकरीतल्या किंवा असाच दुसरा लाभ घेणाऱ्या. कायदा बदलणं कटकटीचं. त्यापेक्षा योजना पाच हजारांची करायची आणि दवाखान्यात बाळंत होणारीला मिळणारे जननी सुरक्षा योजनेचे पैसे त्यात मिळवून बाईला ‘सरासरी’ सहा हजार मिळतात, असं सांगायचं. जननी सुरक्षेत उत्तर प्रदेश, बिहारच्या खेड्यांत १४०० रुपये मिळतात, महाराष्ट्राच्या खेड्यात ७००. म्हणजे आपल्याकडे बेरीज ५७०० वरच थांबते. उरलेले तीनशे तिकडचं एखादं बाळ आपल्या वतीने खात असेल. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती आणखी काय वेगळी असते?

आणि एकदा ठरलेल्या आकड्याला पुन्हा हात लावायचा नाही. २०१७-१८ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २०१ रुपये होती. तेव्हा पाच हजार म्हणजे जवळपास २५ दिवसांची मजुरी. २०२५-२६ मध्ये मजुरी ३१२ झाली, पाच हजार मात्र पाच हजारच राहिले. आता त्यात सोळा दिवस भागतात. योजनाही अशी वाळत जाते आणि तिचं वजन घ्यायला कुणी येत नाही.

लाभार्थी निवडताना भूक हा निकष धरू नका, ती सगळ्यांनाच लागते. अपत्याचा क्रमांक धरा. पहिलं अपत्य. २०२२ पासून दुसऱ्या अपत्यालाही सहा हजार मिळू लागले, पण मुलगी झाली तरच. हेतू चांगलाच आहे, मुलगी नकोशी होऊ नये. पण मुलगी आहे की मुलगा हे जन्मल्यावरच कळणार, त्यामुळे पैसेही जन्मल्यावरच, एकरकमी. पोटात असताना त्या दुसऱ्या मुलीने काय खायचं, हे तिने बाहेर येऊन विचारावं. आणि मुलगा झालाच, तर त्याला मांडीवर घेऊन समजावून सांगा की बाबा रे, तू एक तर आधी यायचंस, नाहीतर मुलगी होऊन यायचंस. राजस्थानने २०२० मध्ये आदिवासी जिल्ह्यांत दुसऱ्या बाळंतपणासाठी स्वतःची योजना काढली. तमिळनाडू तर सोबतच्या वस्तू धरून १८ हजारांवर गेलं आहे. बैठकीत ही नावं निघाली की ‘तिथली परिस्थिती वेगळी’ एवढं म्हणायचं.

पण खरं कौशल्य वेळ काढण्यात. डॉक्टर सांगतात, दिवस राहिल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतचे हजार दिवस सांभाळा. तेव्हा खुंटलेली उंची पुढे फारशी भरून येत नाही. म्हणजे तुम्हाला फक्त हजार दिवस तग धरायचा आहे. आधारवर माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं, एवढ्यावर काही महिने सहज निघतात. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याची कित्येक कोरकू आदिवासी कुटुंबं दिवाळी झाली की कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. तेव्हा त्रुटी काढायची ती नेमकी नोव्हेंबरात काढा. शेवटचा हप्ता तर बाळाला १४ आठवड्यांच्या लसी टोचून झाल्यावरच आहे. बाळंतिणीने पहिले तीन महिने कशावर काढायचे, याची चिंता आपोआप मिटली.

एकदा बँकेच्या सेवा केंद्रावर जाऊन उभे राहा, करमणूक होते. बाई बाळ काखेत घेऊन मशीनवर अंगठा टेकवते. लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा टेकवते. लाल. मग तर्जनी, मग डावा अंगठा. मातीकामात रेघाच झिजलेल्या. पोऱ्या म्हणतो, ‘मावशी, बोट ओलं करा.’ मग म्हणतो, ‘एवढं ओलं नाही.’ शेवटी कधीतरी हिरवा दिवा लागतो आणि कळतं की पैसे या खात्यात आलेलेच नाहीत. आधार ज्या खात्याला शेवटी जोडलं गेलं, त्यात ते जातात. ते खातं कुठल्याशा शिबिरात कुणीतरी उघडून दिलेलं असतं आणि त्याचं पासबुक तिने पाहिलेलंच नसतं. आपल्या दप्तरी मात्र तिला लाभ मिळालेला आहे.

अभ्यास दाखवायची वेळ आलीच, तर बांगलादेशातला दाखवा, पण अर्धाच. तिथे गरीब आयांना दोन वर्षं दरमहा १५०० टका दिले. नुसते पैसे दिले तिथे मुलांच्या खुंटलेपणात फारसा फरक पडला नाही. इथे थांबा, कागदाची घडी करून खिशात घाला. पुढे असं आहे की उत्तरेकडे जिथे पैशाच्या जोडीला बाळाला काय, कधी, किती भरवायचं याचं नियमित शिक्षण दिलं, तिथे खुंटलेल्या मुलांचं प्रमाण ७.३ टक्के-अंकांनी खाली आलं. हे वाचून दाखवलंत तर लोक विचारतील, आपल्याकडे दरमहा का नाही? आणि शिकवायला कोण? अंगणवाडी सेविका? ती रेंज शोधत टेकाडावर चढली आहे, पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर माहिती भरायची राहिली आहे.

‘पैसे नकोत, वस्तूच देऊ’ हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. (आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेतलं गरम ताट बाई अंगणवाडीतच बसून जेवते, त्याची थट्टा मी करणार नाही.) मी म्हणतो ती अंगणवाडीतून घरी न्यायची पोषण आहाराची पाकिटं, टीएचआर. ते पीठ शेळीने खाल्लं तरी कागदावर उष्मांक बाळाच्याच नावे पडतात. शिवाय वस्तू म्हटली की निविदा आली, गोदाम आलं, वाहतूक आली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राची अशीच एक निविदा रद्द केली, पण म्हणून खचायचं नसतं. रोख रकमेत मधल्या कुणाचं काहीच नसतं, म्हणून तिच्यासाठी मंत्रालयात कुणी खेटे घालत नाही. बाई ती घेऊन सरळ अंडी आणायची. आणि अंडं हल्ली नाजूक प्रकरण आहे: जानेवारी २०२५ मध्ये शाळेच्या आहारातल्या अंड्याचा सरकारी निधी थांबला, हवं तर लोकसहभागातून द्या, असं ठरलं.

एक मात्र सांभाळा. ‘यंत्रणाच संथ आहे हो’ असं चुकूनही बोलू नका, फसाल. २८ जून २०२४ ला लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि १४ ऑगस्टपासून खात्यांत दोन महिन्यांचे तीन हजार पडायला लागले. तेच आधार, त्याच बँका, फॉर्म भरायला त्याच सेविका. पुढेही दरमहा दीड हजार. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती, तो योगायोग. तेव्हा ‘लाडकी बहीण आहेच की’ असं म्हणून विषय संपवा. तिथे वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि एकोणीस-वीस वर्षांची पहिलटकरीण त्यात बसत नाही, हे आपण होऊन काढू नका. तिच्या बाळाला मतदार यादीत यायला अजून अठरा वर्षं आहेत. घाई कसली?

उरला अहवाल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची खुंटलेली मुलं २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ३५.२. याला ‘परिस्थिती स्थिर’ म्हणायचं. सप्टेंबरात पोषण माह येतो, तो दणक्यात साजरा करा. तांदळाची रांगोळी, पोषणाची शपथ, पाककृतींचं प्रदर्शन, मधोमध परातीत रचलेली अंडी. साहेबांचा फोटो झाला की ती अंडी लगेच मोजून घ्या, सेविकेने पदरच्या पैशाने आणलेली असतात. तिने बिलाचं विचारलं, तर सांगा, पहिलंच बिल असेल तर पोर्टलवर टाका.